पेटीवाल्याचा मोग: जुन्या रॉकमधले सिंथ लॅपटॉपवर कसे काढायचे

आधी उच्चाराचं बघू. ज्या अमेरिकन इंजिनिअरमुळे सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारं वाद्य) रॉकच्या स्टेजवर आला, त्याचं आडनाव सगळे ‘मूग’ असं वाचतात. रॉबर्ट मोग स्वतः मात्र ‘मोग’ म्हणायचे. आम्हा बेळगाववाल्यांना हे लक्षात ठेवायला सोपं आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की मोग म्हणजे प्रेम, आणि मूग म्हणजे उसळ. भाच्याला एकदा असं सांगितलं, तेव्हापासून तो चुकलेला नाही.

भाचा खानापूरचा, शिकायला इथे बेळगावात. मागच्या गणपतीच्या आधी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “मामा, बाराशे साउंडचा पॅक घेतलाय, पण एकपण त्या जुन्या रॉक गाण्यांतल्यासारखा वाजत नाही.” दोन तास तो एकेक नाव दाबून ऐकत होता. शेवटी मीच म्हटलं, “काय करूलास तू? साडीच्या दुकानात बसल्यासारखं? सगळं बंद कर. एकच वाद्य उघड, कोरं.”

मी दिवसा उद्यमबागेत लेथवर असतो. नव्वदच्या दशकात रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो: निपाणी, संकेश्वर, चंदगड, गणपतीत तर रोज एक गाव. पण त्याआधी हात बसला तो पेटीवर. बेळगाव हे पेटीचं गाव, पं. रामभाऊ विजापुरे इथलेच. आमच्या गल्लीत ज्याला पेटी येत नाही त्यालासुद्धा पेटी बेसूर झालेली कळते. पुढे जे सांगतो ते पेटीच्या भाषेतच सांगतो, कारण मला स्वतःला सिंथ त्याच वाटेने समजला.

पेटीत तीन गोष्टी असतात. सूर, म्हणजे आतली पितळी पाती. भाता. आणि वरचं झाकण. सिंथमध्येही त्याच तीन आहेत. ऑसिलेटर म्हणजे सूर. फिल्टर म्हणजे झाकण. ते लावलं की आवाज दबका आणि गोल होतो, उघडलं की करकरीत. एन्व्हलप म्हणजे भात्यावरचा हात: आवाज झटक्यात आला की हळू, धरून ठेवला की सोडला. फरक एवढाच की सिंथला दोन भाते असतात, एक आवाजाचा आणि एक झाकणाचा. दुसरा भाता झाकण आपोआप उघडझाप करतो. जुन्या रॉकमधल्या सिंथचा निम्मा चेहरा या दुसऱ्या भात्याने घडवलाय.

सामान काय लागतं

फार काही नाही. चार-पाच वर्षांचा लॅपटॉप, यूएसबीने जोडायचा 49 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (पट्ट्या याच्या, आवाज लॅपटॉपचा), आणि बरे हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, त्यामुळे त्यावर साउंड बनवू नका. वाद्य म्हणून सर्ज एक्सटी हे सिंथचं सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट आहे, कायदेशीर फुकट आहे, आणि त्याचा कोडही 2018 पासून खुला आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नसलं तरी ते एकटं चालतं. सोबत आणखी दोन फुकटचे उतरवून ठेवा: यामाहाच्या डीएक्स-7 या सिंथचा अवतार असलेलं डेक्स्ड, आणि ओबरहाइम या जुन्या सिंथ कंपनीच्या घराण्यातलं ओबी-एक्सडी. बाकी पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण महिनाभर थांबून द्या.

विंडोजवर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर दोष तुमच्या हाताचा नाही. एसिओ ड्रायव्हर (साउंडकार्डशी थेट बोलणारं छोटं सॉफ्टवेअर) घाला, साउंडकार्डचा स्वतःचा नसेल तर एसिओ-फॉर-ऑल चालतो. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे नमुने साठवून एकदम पुढे ढकलतो तो साठा, 256 ठेवा. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दराने तो उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येतो. 1024 वर तोच 23 होतो, म्हणजे तबलजी पुढे आणि तुम्ही मागे.

सर्ज उघडलं की समोर ‘इनिट सॉ’ नावाचा कोरा साउंड येतो. एकच सूर, करवतीच्या दातासारखी लाट, कच्ची, माशीसारखी गुणगुणणारी. तो ऐकून भाचा हिरमुसला. मी म्हटलं, हेच पाहिजे. लेथवर आधी कच्चा रॉड लावतात, तयार बोल्ट नाही लावत.

खर्ज-नर

पहिली कामगिरी: दोन सूर एकत्र, डबल पेटीत खर्ज आणि नर हे सुरांचे दोन संच एकत्र वाजतात तसे. मिक्सरमध्ये दुसऱ्या ऑसिलेटरचा म्यूट काढा आणि दोन्ही एकाच लाटेवर ठेवा. आवाज मोठा झाला, पण मेलेलाच राहिला. आता दुसऱ्याच्या पिचवर राइट-क्लिक करून 0.07 टाइप करा. तिथे आकडा अर्ध्या सुराच्या मापात असतो, म्हणजे हे झाले 7 सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. आवाज लगेच हलायला लागेल, जिवंत होईल.

हे काय झालं ते डबल सुराच्या पेटीवाल्याला सांगावं लागत नाही. दोन सूर किंचित वेगळे असले की त्यांच्यात लाट उठते. मधल्या 440 हर्ट्झच्या सुरावर 7 सेंटचा फरक सुमारे पावणेदोन हर्ट्झ होतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन लाटा. एक सप्तक खाली त्या निम्म्या, वर दुप्पट. म्हणून खर्जात संथ हलणारा साउंड वर गेला की थरथरतो. पेटी दुरुस्त करणारा कारागीर कान लावून या लाटा मोजतो आणि पातं कानशीने खरवडतो: टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. तो लाट घालवण्यासाठी खरवडतो, आपण ती आणण्यासाठी आकडा टाकतो. कान तोच.

आकडा 0.07 च का? पाच ते आठ सेंट माझ्या कानाला रॉक वाटतात. पंधराच्या वर गेलं की नाचाच्या गाण्यातला रुंद साउंड होतो, आणि तीनच्या खाली गेलं तर सकाळी नुकतीच सुरात लावलेली पेटी.

एक गोष्ट लगेच करून टाका: ‘ड्रिफ्ट’ नावाचा स्लायडर आहे, तो पंधरा-वीस टक्क्यांवर न्या. जुन्या सिंथमधले ऑसिलेटर तापमानाप्रमाणे सरकायचे. आमच्याकडे सकाळी काढलेलं माप दुपारी जॉब तापला की जुळत नाही, तसंच. आजचा लॅपटॉप एक हजार वेळा तीच नोट दिली तर हजार वेळा तंतोतंत तशीच देतो, आणि कान दहाव्यांदाच कंटाळतो.

मोगचा एकल सूर

आता मुख्य. मिनीमोग मॉडेल डी 1970 साली आला. एका वेळी एकच नोट. तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, 44 पट्ट्या. पिंक फ्लॉइडच्या 1975 च्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये रिक राइट यांचा तो लांबट, विरहिणीसारखा सूर ऐकला असेल, तो मिनीमोगचा. सुरुवात त्यानेच करा, कारण तो संथ आहे आणि चुका लगेच ऐकू येतात.

करवती लाटेचे दोन ऑसिलेटर, 6 सेंट लांब. तिसरा एक सप्तक खाली, चौकोनी लाट, पण मिक्सरमध्ये जेमतेम. फिल्टर वनमध्ये लो-पास यादीतून ‘व्हिंटेज लॅडर’ निवडा. मोगच्या फिल्टरला लॅडर म्हणतात, कारण सर्किटच्या नकाशात ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतात. कटऑफच्या, म्हणजे झाकण जिथून लागतं त्या सीमेच्या, वर प्रत्येक सप्तकाला तो 24 डेसिबल छाटतो, म्हणजे झाकण जड आहे, घट्ट बसतं. कटऑफ 700 हर्ट्झच्या आसपास ठेवा, रेझोनन्स, म्हणजे त्या सीमेजवळच्या सुरांना मिळणारा उठाव, पंधरा-वीस टक्के.

रेझोनन्स वाढवलात तर दिसेल की खर्ज पातळ होतो. तो बिघाड नाही, शिडीचा स्वभावच तसा. म्हणूनच रेझोनन्स आणि आवाज एकमेकांकडे बघत फिरवायचे.

आता दुसरा भाता. फिल्टर एन्व्हलपची मात्रा दोन सप्तकं, म्हणजे 24. अटॅक (चढायचा वेळ) 30 मिलिसेकंद, डिके (उतरायचा वेळ) एक सेकंद, सस्टेन (धरलेली पातळी) चाळीस टक्के. ऐका: नोट लागते, उघडते, आणि हळूच मागे बसते. गवय्याचा आ-कार लागतो तसा. आवाजाचा भाता मात्र साधा: अटॅक पाच, सस्टेन पूर्ण, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ) दीडशे.

यानंतर जे सांगतो ते बहुतेक लोक सोडून देतात, आणि मग साउंड सारखा का येत नाही म्हणून पॅक विकत घेतात. वाजवण्याची पद्धत ‘पॉली’वरून (अनेक नोटा एकत्र) ‘मोनो एसटी’वर (एका वेळी एकच) आणा. एसटी म्हणजे सिंगल ट्रिगर: पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर भाता नव्याने सुरू होत नाही. एका श्वासात दोन सूर. सोडून दाबली तर नवा श्वास. म्हणजे कुठे श्वास घ्यायचा हे तुमच्या बोटांच्या हातात आलं. मग त्याच बटणावर राइट-क्लिक करून नोट प्रायॉरिटी ‘लो’ करा. मिनीमोगमध्ये दोन पट्ट्या दाबलेल्या असतील तर खालची वाजायची. त्याचा परिणाम असा: सा धरून गंधार दाबलात तर काहीच होणार नाही. गंधार धरून सा दाबला तर सा वाजेल आणि सोडला की गंधार परत येईल. खटके, मुरकी सगळं वरची नोट धरून खालून मारायचं. आठवडाभर हात गोंधळतो. पण जुन्या रेकॉर्डवरच्या हरकती ऐकल्यात तर त्यातल्या बऱ्याच असल्याच बनावटीच्या आहेत, बोटं यंत्राने वळवलेली.

पोर्टामेंटो म्हणजे आपली मींड. 60 ते 80 मिलिसेकंद. यापेक्षा जास्त ठेवलीत तर प्रत्येक सूर दारू प्यालेला. अपवाद एक, तो पुढे सांगतो.

कंप नेहमीसाठी लावू नका. एलएफओ (दुसरी कळ आपोआप हलवणारी संथ लाट) साइन, साडेपाच हर्ट्झ, पिचला जोडलेला, पण त्याची मात्रा मॉड व्हीलला, म्हणजे कीबोर्डवरच्या चाकाला बांधा. सूर आधी सरळ लावायचा, धरायचा, आणि मग शेवटाकडे चाक वर. आमचे पेटीचे मास्तर ठेका धरल्यासारखं सांगायचे: “आधी सूर, मग शृंगार.” इथे त्यांचं ऐका.

शेवटी मिक्सरशेजारचा प्री-फिल्टर गेन तीन-चार डेसिबल वाढवा. मोगच्या मिक्सरमधून सूर थोडा जोरात ढकलला की फिल्टर किंचित चिरडायचा. काही वादक तर हेडफोनची वायर मागून परत सिंथमध्येच घालायचे, त्यासाठीच. मागे 400 मिलिसेकंदांचा डिले, दोन-तीन पुनरावृत्त्या, अंधुक. रिव्हर्ब थोडा. संपलं.

अपवाद सांगतो म्हटलं तो हा. इमर्सन, लेक अँड पामर यांच्या 1970 च्या ‘लकी मॅन’च्या अखेरीस कीथ इमर्सन यांचा मोग येतो, मिनी नव्हे, भिंतीएवढा मॉड्युलर. त्याची सगळी गंमत मींडेत आहे. वरचाच साउंड घ्या, चौकोनी लाट पुढे आणा, झाकण जास्त उघडा, आणि पोर्टामेंटो 300 च्या आसपास न्या. मग लांब उड्या मारा. जवळजवळच्या नोटा वाजवल्यात तर नुसता चिखल होईल. दोन-दोन सप्तकांच्या उड्यांनाच ही मींड शोभते.

पट्टीवर जोर काढू नका

मी विसरलो होतो, इथेच सांगतो. मिनीमोगला पट्टी हळू दाबली की जोरात, काही फरक पडत नव्हता. त्या काळातल्या बहुतेक सिंथची तीच गत. पेटीसारखीच: पट्टी आपटून आवाज वाढत नाही, वाढतो तो भात्याने. सर्जमध्ये आवाजाच्या विभागात व्हेलॉसिटीचा स्लायडर आहे, तो शून्य डेसिबलवर न्या. म्हणजे सगळ्या नोटा सारख्याच जोराने येतात. पियानो शिकलेल्या पोरांना हे जड जातं, पेटीवाल्याला अजिबात नाही. जोर दाखवायचा असेल तर कटऑफला मॉड व्हील किंवा पेडल बांधा, आणि झाकण उघडून दाखवा.

व्हॅन हॅलनचा ब्रास

भाचा खरं तर यासाठीच आला होता. व्हॅन हॅलनचं ‘जम्प’, 1984 चं, सिंथ ओबरहाइम ओबी-एक्सए. गिटारचा राजा एडी व्हॅन हॅलन इथे कीबोर्डवर बसला आणि अख्खं गाणं त्या साउंडवर उभं केलं.

ओबरहाइमचा स्वभाव मोगच्या उलट आहे. तिथे एक गायक होता, इथे बँडबाजा. प्रत्येक नोटेला दोन ऑसिलेटर, आणि अनेक नोटा एकत्र. दोन्ही करवती लाटा, दोन्ही एकाच सप्तकात, 8 सेंट लांब. फिल्टर ‘ओबी-एक्सडी 12 डेसिबल’. हे झाकण हलकं, पूर्ण बंद न होणारं. कटऑफ सुरुवातीला अडीच हजार हर्ट्झ. फिल्टरचा भाता थोडासाच: मात्रा 10, अटॅक 20 मिलिसेकंद, डिके 600, सस्टेन साठ टक्के. रेझोनन्स जवळजवळ शून्य. पॉली आठ नोटांवर बांधा. ड्रिफ्ट इथे वीसच्या वर न्या, कारण ओबरहाइममध्ये प्रत्येक आवाजाची वेगळी सर्किटं असायची आणि कुठलीच दोन तंतोतंत जुळायची नाहीत. चार ट्रम्पेटवाले असतील तर चौघांचा फुंकर वेगळाच असणार.

भाच्याने एवढं केलं, कॉर्ड दाबली, आणि म्हणाला, “जवळ आलं, पण मोठं नाही वाटत.” बरोबर होतं त्याचं. तीन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली, हात. तो तिन्ही नोटा खाली, पांढरी एकच्या (इंग्रजी सी) आसपास धरत होता. उजवा हात एक सप्तक वर न्यायला सांगितला. करवती लाटेच्या कॉर्ड खाली वाजवल्या की लाटा एकमेकींत अडकतात आणि गाळ साठतो. डावा हात सुरुवातीला फक्त पांढरी एक धरून बसतो आणि वर कॉर्ड बदलत राहतात. तो न हलणारा षड्ज आहे म्हणून वरचे बदल उठून दिसतात. तानपुऱ्याचंच काम, फक्त मिशा लावून.

दुसरी, सोडणं. रिलीज त्याने अर्ध्या सेकंदावर ठेवलं होतं, त्यामुळे एक कॉर्ड दुसरीवर सांडत होती. रिलीज 120 वर आणलं आणि मधल्या गॅपा ऐकू यायला लागल्या. या गाण्यात गॅपाच नाचवतात.

तिसरी, चिरड. प्री-फिल्टर गेन दोन डेसिबल, आणि शेवटी टेप इफेक्ट अगदी जरासा. पूर्ण स्वच्छ ब्रास कधीच रॉक वाटत नाही. वाटतो तो मोबाइलचा रिंगटोन.

हे सगळं न करता ओबी-एक्सडी उघडूनही तिथे पोचता येतं, लवकर पोचता येतं. पण एकदा सर्जमध्ये हाताने बांधून बघा, मग ओबी-एक्सडीची प्रत्येक कळ ओळखीची वाटेल.

‘फायनल काउंटडाउन’ हे याचंच धाकटं भावंड, युरोप बँड, 1986. इथे एका सिंथने भागत नाही, दोन थर आहेत. खाली रोलँड जेएक्स-8पी, उबदार, आपल्या वरच्या ब्राससारखा. वर यामाहाचा टीएक्स-816, म्हणजे एका पेटाऱ्यात आठ डीएक्स-7. डीएक्स-7 मध्ये करवत नाही, झाकण नाही. एक साइन लाट दुसरीला हलवते आणि त्यातून धातूची धार निघते. ते सर्जमध्ये बांधायच्या भानगडीत पडू नका. डेक्स्डमधला एखादा ब्रास घ्या, खालचा थर सर्जचा ठेवा, आणि डेक्स्ड सहा डेसिबल मागे. नुसता खालचा थर वाजवलात तर भजनी मंडळ, नुसता वरचा वाजवलात तर पत्र्याचा डबा. दोन्ही मिळून ती तुतारी येते. गाणं काळी तीनच्या मायनरमध्ये आहे. ट्रान्सपोजचं बटण दाबून पांढऱ्यांवर वाजवाल तर मी काही बोलणार नाही, आम्हीही स्टेजवर तेच केलंय.

तारांचा पडदा

‘शाइन ऑन’च्या सुरुवातीला मागे जे धुकं पसरलेलं असतं त्यात एआरपी सोलिना आहे, नेदरलँड्सच्या एमिनंट कंपनीने बनवलेला स्ट्रिंग कीबोर्ड. तो खरा व्हायोलिनसारखा वाजत नाही आणि वाजावा अशी अपेक्षाही नाही. त्याच्या पट्ट्या साध्या ऑर्गनसारख्याच. जादू शेवटच्या कोरसमध्ये होती: एकच आवाज तीन वाटांनी थोडा थोडा उशिरा पाठवायचा आणि तो उशीर दोन वेगांनी हलवायचा, एक संथ, एक जलद.

सर्जमध्ये एकच करवती ऑसिलेटर पुरे. दुसरा लावू नका, लाट कोरसनेच येऊ द्या. अटॅक 350, रिलीज सव्वा सेकंद, फिल्टर जवळजवळ उघडा, आणि इफेक्टमध्ये ‘एन्सेम्बल’. खालचे 200 हर्ट्झच्या आतले सूर लो-कटने काढा, नाहीतर बास गिटारवाला भांडायला येईल. त्यावर फेझर लावलात तर सत्तरचं दशक दारात येऊन उभं राहतं.

जो सिंथ नाहीच

‘द हू’च्या 1971 च्या ‘बाबा ओ’रायली’च्या सुरुवातीची ती टपटप चालणारी लड सगळ्यांना सिंथ वाटते. मलाही वीस वर्षं वाटली. ती लावरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनची आहे, त्यातल्या ‘मरिंबा रिपीट’ नावाच्या सोयीची: पट्ट्या धरून ठेवायच्या आणि ऑर्गन आपणच त्या भराभर वाजवत राहतो. पीट टाउनशेंड यांनी नाव ठेवलं दोघांवरून. एक मेहेरबाबा, ज्यांची समाधी आपल्या नगरजवळच्या मेहेराबादला आहे. दुसरे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जे पं. प्राणनाथांकडे किराणा घराण्याचं गाणं शिकले. आणि किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब राहायला मिरजेला, म्हणजे बेळगावहून रेल्वेने काही तासांवर. लंडनच्या रॉकवाल्याचं गाणं फिरून आपल्याच अंगणात आलं.

ते काढायचं असं. चौकोनी आणि साइन लाट एकत्र, झाकण अर्धं, आवाजाचा भाता टिचकीसारखा: अटॅक शून्य, डिके 120, सस्टेन शून्य. हा साउंड दोन ट्रॅकवर ठेवा. एकावर पांढरी चार आणि तिचा पंचम, एका मात्रेचे चार भाग पाडून त्या भागांवर. दुसऱ्यावर त्याच कॉर्डचे वरचे सूर, पण पहिल्याच्या मधल्या फटींत. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन हातांनी टाळ वाजवल्यासारखं होतं. मग नोटा अधूनमधून बदला, नियमाने नाही, कारण टाउनशेंड यांचे हातही नियमाने फिरत नव्हते. अर्पेजिएटरने (कॉर्डच्या नोटा आपोआप एकेक वाजवणाऱ्या सोयीने) करायला जाल तर फार नेटकं होतं आणि चव जाते.

त्याच अल्बममधलं ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ मात्र अर्धं सिंथ आहे. ऑर्गनच्या कॉर्ड ईएमएस व्हीसीएस-3 नावाच्या ब्रिटिश सिंथच्या फिल्टरमधून घातल्या होत्या. म्हणजे पेटी आपली, झाकण दुसऱ्याचं. सर्जमध्ये कॉर्ड धरा आणि कटऑफला एलएफओचा स्टेप सीक्वेन्सर जोडा. सोळा खांब दिसतील, ते माउसने वर-खाली ओढा. वरचा खांब म्हणजे झाकण उघडं. मी आधी सगळे खांब टेकडीसारखे चढत नेले, शोभेचे. बेकार वाजलं. मग बोलाच्या वजनाने ठेवले, धा उंच, ना मध्यम, ति खाली, आणि लगेच चालायला लागलं. तबला येत असेल तर हा सीक्वेन्सर तुमचाच आहे.

एका नोटेचं काम

कंटाळलात तर हे करा, पाच मिनिटांचं. रश बँडच्या 1981 च्या ‘टॉम सॉयर’ची सुरुवात ओबरहाइम ओबी-एक्सच्या एकाच गुरगुरणाऱ्या नोटेने होते. दोन करवती ऑसिलेटर, दोन सप्तकं खाली, 10 सेंट लांब. 24 डेसिबलचा फिल्टर, रेझोनन्स पन्नास टक्के. फिल्टरचा भाता: अटॅक शून्य, डिके तीन सेकंद, सस्टेन शून्य, मात्रा चार सप्तकं. पांढरी तीन दाबा आणि हात बांधून बसा. झाकण उघडून सावकाश मिटत जातं आणि मिटता मिटता एकेक वरचा सूर चाटून जातं. भाच्याने हे रात्री साडेअकराला मोठ्या स्पीकरवर लावलं आणि शेजारच्या आज्जींना बोअरची मोटर राहिली असं वाटून त्या टॉर्च घेऊन बाहेर आल्या.

मंडपात नेताना

घरात केलेला साउंड मंडपात वेगळा वागतो. मला हे शिकवलं एका गणपतीच्या कार्यक्रमाने. मंडपाचा करंट मध्येच गेला, जनरेटर लागेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालू होता म्हणून मी निश्चिंत. पण यूएसबीच्या साउंडकार्डचा पुरवठा वेगळ्या प्लगवर होता. ते बंद झालं आणि ड्रायव्हर हरवला. चार मिनिटं नुसता ढोलकीवाला वाजवत होता. तेव्हापासून साउंडकार्ड लॅपटॉपच्याच करंटवर चालणारं घेतो, आणि बाजूला जुना कीबोर्ड तयार ठेवतो, एक साधा ब्रास लावून.

साउंड सेव्ह करताना गाण्याचं नाव देऊ नका, कृतीचं द्या. माझ्याकडे ‘खर्ज-नर 7’, ‘जड झाकण लो-नोट’, ‘एन्सेम्बल लो-कट’ अशी नावं आहेत. घाईत नाव वाचलं की आत काय आहे ते कळतं, आणि एकाच साउंडवर चार गाणी निघतात.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळं एकदा मोनोमध्ये ऐका. आपल्याकडचा सिस्टीमवाला बहुतेकदा एकच वायर घेतो, डावी-उजवी दोन दिलीत तरी एकच लावतो. हेडफोनमध्ये रुंद पसरलेली सोलिना मोनोत आली की तिच्या कोरसच्या वाटा एकमेकींना खातात, आणि कधीकधी अर्धा आवाज गायब. तसं झालं तर एन्सेम्बलची मिसळ निम्म्यावर आणा आणि त्याच्या बदल्यात दुसरा ऑसिलेटर 5 सेंटवर उघडा. हेडफोनमध्ये ते थोडं गरीब वाटेल. मंडपाच्या शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका, तिथे भरलेलं वाटलं की तोच आकडा ठेवा.